पडीक नसलेला माळ

२ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. गावामागच्या माळाला तारेचं कुंपण पडलं, आत गोदाम होणार म्हणे. बाबांचं सकाळचं फिरणं बंद झालं. दिवसभर खाटेवर बसून असतात आणि गोळी हातात दिली की कुंपण कधी निघणार, हेच विचारतात. दवाखान्यात या आठवड्यात सहा बायका आल्या. सगळ्यांचं एकच, झोप नाही, छातीत धडधड. मी रक्तदाब तपासते. पण माळावर शेळ्या चारताना त्या एकमेकींपाशी मन मोकळं करायच्या, ते औषध माझ्या कपाटात नाही. तू मोजणीच्या कचेरीत आहेस, हे कुणी ठरवलं ते शोध. आणि वेळेवर जेवत जा, काडीपैलवाना.
तुझी ताई

९ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न. शोधावं लागलं नाही. नकाशावर सही माझीच आहे. मोजणीला भर दुपारी आलो आणि घरी न डोकावताच परतलो. माळावर तेव्हा चिटपाखरू नव्हतं. ‘वापर’ या रकान्यात मी ‘पडीक’ लिहिलं. साहेब म्हणतात, आता तोंड उघडलंस तर तूच अडकशील. कशातच लक्ष लागत नाही. बाबांना सांगू नकोस.
तुझा धाकटा

१४ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
आशीर्वाद. बाबांना सांगितलं. हवं तर रागाव. ते म्हणाले, त्याला सकाळी यायला सांग, दुपारी नको. कधी येतोस?
ताई

३ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. गावी आलो त्या दोन सकाळी कुंपणाशी उभ्या राहिलेल्या सगळ्यांची नावं जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. फेरमोजणी होईपर्यंत बांधकाम थांबलंय. माझी चौकशी लागली, खुर्ची जिन्याखाली गेली. पुढे काय होईल, ठाऊक नाही.
धाकटा

१० मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. कुंपण अजून आहे, पण रखवालदार सकाळी फाटक उघडतो. आज बाबा माळावर गेले ते दोन तास आलेच नाहीत. माझा जीव टांगणीला. शेवटी आले, चपला धुळीने माखलेल्या. मी खूप रागावले, तर म्हणाले, तुझ्या भावाला हे जरूर कळव. म्हणून कळवते आहे. तुझी आमच्यावर माया आहेच, ती राहू दे.
ताई