लाल मिलोचे तारकाविश्व परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रदर्शन अधिकारी,
प्रवराकाठ शालेय विज्ञान प्रदर्शन मंडळ,
अहमदनगर.

अर्जदार : श्रीमती रतनबाई गिदोन वाघचौरे, धंदा मजुरी, रा. घोडेगाव, ता. नेवासा.

विषय : कु. कृपा वाघचौरे (मयत) हिने केलेला नमुना आईच्या ताब्यात देणेबाबत.
संदर्भ : आपली तीन उत्तरे, तिन्ही नकाराची.

महोदय,

१. अर्जदार बाई दुष्काळी कामावर खडी फोडते. तिला लिहिता येत नाही, म्हणून हा अर्ज कृपाच्या शिक्षकाने लिहिला आहे. गेल्या माघात आपल्या प्रदर्शनात बाईच्या एकुलत्या एका मुलीने, इयत्ता दहावीतील कृपाने, एक नमुना मांडला. चैत्रात कृपा विषमज्वराने वारली. नमुना आपल्या कोठारातच राहिला आहे.

२. नमुना मोठ्या लंबगोल तारकाविश्वाचा आहे. फुटक्या मडक्यावर काळ्या मातीचा लेप आणि त्यात रेशनच्या लाल मिलोचा, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीचा, एकेक दाणा अंगठ्याने दाबून बसवलेला. परीक्षकांनी "रंगसंगती एकसुरी, दुष्काळात धान्याची नासाडी" असा शेरा मारला. मुलीचे उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत, सबब ते येथे देणे भाग आहे. अशा विश्वांत जवळजवळ सगळे तारे फार पूर्वी, थोड्याच काळात, एकदम झाले, असे शास्त्रज्ञ मानतात. मग वायू सरला आणि नवे तारे होणे थांबले. निळे, तेजस्वी होते ते लवकर जळून गेले. उरले ते म्हातारे, तांबूस. त्यांच्यासाठी मिलोइतका योग्य रंग यंदा गावात दुसरा नव्हता. राहता राहिली नासाडी. ते दाणे कृपाने स्वतःच्या वाटणीच्या दळणातून काढून ठेवले होते, आणि हे आईला फार उशिरा कळले.

३. नमुना चालू असताना आईने विचारले होते, "मंग तिथं आता नवं काईच होत न्हाई व्हय?" कृपा म्हणाली, "न्हाई आई. झाले ते समदे घाईनं झाले. पन उजेड हाय की अजून." बाई खडी फोडताना हेच पुटपुटत असते. पोर तशीच होती, असे तिचे म्हणणे : चालली लवकर, वाचू लागली लवकर, सगळेच घाईने उरकून गेली. ही तुलना शास्त्राला धरून नाही, हे प्रस्तुत शिक्षकास कळते. बाईपुढे तसे बोलण्याची त्याची छाती झाली नाही.

४. आपले पहिले उत्तर : विद्यार्थिनीने समक्ष येऊन नमुना न्यावा. ती वारल्याचे दाखल्यासह कळवले. दुसरे उत्तर : तसे असल्यास तिच्या सहीचे अधिकारपत्र जोडावे. दाखला पुन्हा पाठवला. तिसरे उत्तर : सही करण्यास ती असमर्थ असल्यास अंगठा चालेल. हे वाचून दाखवल्यावर बाई रडली नाही, हसत सुटली. ते हसणे ऐकवत नव्हते.

५. परवा बाई मजुरी बुडवून एस.टी.ने नगरला आली. आपले शिपाई पुंजाराम यांनी तिला कोठाराच्या खिडकीतून नमुना दाखवला आणि म्हणाले, "बाई, दान्यांना सोंडे लागल्यात. म्हैनाअखेर समदं उकिरड्यावर टाकनार हायेत." बाईने गजांतून हात घालून पाहिला. पोचला नाही.

६. सबब विनंती एवढीच. बक्षीस नको. शेरा आहे तो राहू द्यावा. दाणे किड्यांनी खाल्ले तरी तक्रार नाही. मात्र नमुना फेकण्यापूर्वी एकदा पालथा करून पाहावा. बुडाशी येईतो मिलो संपला होता. तिथे ओल्या मातीत कृपा नुसताच अंगठा दाबत गेली. "दाने आले की बसवीन," म्हणाली होती. माती वाळली. ठसे तसेच आहेत.

आपण मुलीचा अंगठा मागितला आहे. तो आईजवळ नाही, आपल्याच कोठारात आहे. तो तपासून घ्यावा आणि आईला द्यावा.

आपल्या दाराकडे डोळे लावून बसलेली,

रतनबाई गिदोन वाघचौरे
हिची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा

लिहून देणार : याकोब सहादेव पारधे, विज्ञान शिक्षक
घोडेगाव, दि. १२ जुलै १९७३

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, तिसऱ्यांदा.
२) नमुना नेण्यासाठी टोपली, आत जुने लुगडे अंथरलेली. ती बाईने पुंजाराम यांच्याकडे ठेवून दिली आहे.