मागच्या भिंतीतली खिडकी

१२ मार्च १९८४, सोमवार

शी! तीनदा आंघोळ केली तरी अंगाचा वास जात नाही. ओव्हरसियरची नोकरी — गटार रुंद करायचंय म्हणून मागच्या आळीतल्या दारूच्या गुत्त्याचं मोजमाप माझ्याच गळ्यात पडलं. चौदा फूट बाय नऊ. चिऱ्याच्या भिंती, छपराचे काळवंडलेले नळे, एकच बादली आणि तिच्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे ग्लास! कोपऱ्यात थुंकीचे थर. टेप तिथेच टेकवावी लागली. पुढच्या खिडकीला मात्र शिंपल्यांची तावदानं. मालकीण सुगंधाबाई सांगत होती, तिच्या सासऱ्याने, भिकाजीने, पन्नास वर्षांपूर्वी गोव्याहून आणली. असल्या घाणीलाही इतिहास असतो!

१३ मार्च

पुन्हा गेलो. मागची भिंत राहिली होती. तिच्यात जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर एक खिडकी — हात जाईल एवढीच. खालचा चिरा झिजून गुळगुळीत. ही कशाला, विचारलं.

"बायलमाणसांची ती. भायर बसान हात घालूचो, बाटली घेवची. कोणाचा तोंड कोणाक दिसाक नको."

कुठल्या घरच्या बायका?

"सगळ्याच घरातल्यो, साहेबांनू!" आणि हसली. "भिंत पाडा होयी तर, पण ती खिडकी ठेवा."

चांगल्या घरांवर चिखल उडवते ही बाई!

१५ मार्च

अहवाल दिला. 'मागील भिंत संपूर्ण काढावी. खिडकी सभ्यतेस बाधक.' वाक्य झकास जमलं.

२९ मार्च

भिंत पाडली. सुगंधाबाई तो गुळगुळीत चिरा तेवढा उचलून आत घेऊन गेली.

३१ मार्च

उद्या अमावास्या. आमच्या बागेच्या राखणदाराला, वडाखालच्या देवाला, मान द्यायचा — कोंबडा, रोट, विडी, बाटली. दरवर्षी सगळं आईच करते. बाटली कुठून येते, मी कधी विचारलं नाही. यंदा तिचे गुडघे धरलेत, म्हणून मीच कणकवलीहून आणली. चांगली, सीलबंद! आईने हातात घेऊन पाहिली आणि बाजूला सारली.

"ही चलाची नाय. तेका सुगंधाच्या मागल्या खिडकेतलीच लागता. माझी सासू थयसूनच हाडी, मियां पण थयसूनच हाडतंय."

त्या चिऱ्यावर आजीचा हात, आईचाही हात! आणि माझं ते झकास वाक्य. किळस आली — या वेळी स्वतःचीच. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

१ एप्रिल, रविवार

सांगितलं. आई मग काठी घेऊन उठली.

"चल वडाखाली. खिडकी कोणी पाडली, ता तूच सांग तेका."