गच्चीवरच्या कूलरची मोटर

प्रिय आई,

काल दादाचा फोन आला, "किंमत ठरली, सहीला ये" म्हणून. सही करायच्या आधी तुला हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगू? ऐकणाऱ्याला वाटेल, मी हिश्शासाठी भांडतेय.

पुंडलिकनगरचं घर दादानं ठेवायचं आणि माझा अर्धा हिस्सा पैशात द्यायचा, हे तुझ्या तेराव्यानंतरच ठरलं. त्यासाठी तो घर तारण ठेवून कर्ज काढतोय. बँकेचा व्हॅल्युअर जी किंमत लावेल, तिच्या निम्मं माझं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

गच्चीवरचा तो मोठा लोखंडी कूलर! बाबा गेल्यावर तू हौसेनं बसवून घेतलास. पत्र्याच्या डक्टमधून सगळ्या खोल्यांत गार वारा यायचा. मे महिन्यात शेजारणी निवडायचं ताट घेऊन तुझ्याकडंच येऊन बसायच्या.

शेवटचे दोन उन्हाळे तो बंद होता. मी पाचोडहून यायचे तेव्हा तू छातीवर ओलं फडकं घेऊन पडलेली असायचीस. मी चिडले की म्हणायचीस, "मोटर जळली म्हणतो तुझा दादा. मेकॅनिक मिळंना झालाय." मीच आणते म्हटलं, तर, "नको बाई, त्याला वाईट वाटंल." त्याच्या वाईट वाटण्याची तुला केवढी काळजी होती गं!

व्हॅल्युअर आला त्या दिवशी मी घरातच होते. दादानं त्याला आधी गच्चीवर नेलं, मी जिन्यात उभी होते. "हे सगळं बंद आहे साहेब. आता खाली चला, काय झालंय ते बघा." डक्टमधून पावसाचं पाणी उतरून तुझ्या खोलीच्या छताचे पोपडे सुटले होते.

व्हॅल्युअर सभ्य माणूस. म्हणाला, "सुटा कूलर असता तर मी धरलाच नसता. हा घरातच बांधून घेतलाय. बंद असला की घेणाऱ्याला तो दुरुस्त तरी करावा लागतो, नाही तर काढून भोकं बुजवावी लागतात. वर ही ओल. किंमत कमी होणार."

माणूस घरातला दोष झाकतो. आपला दादा एकेक दोष बोटानं दाखवत होता. किंमत उतरली की माझा हिस्साही उतरणार, हे तिथंच माझ्या लक्षात आलं.

व्हॅल्युअर गेल्यावर मी गच्चीवर गेले. मोटर जळलेली नव्हती. ती तिथं नव्हतीच. खाली वहिनी भाजी चिरत होती. तिला विचारलं.

"ती व्हय? माळ्यावर आहे की."

"जळली होती ना?"

"नाय हो ताई, चांगली आहे. हे म्हणाले, आज ना उद्या घराची किंमत काढायची वेळ येणारच. तवर कशाला चालू ठेवायचं?"

आज ना उद्या म्हणजे काय, आई? तू त्या खोलीत श्वास घेत होतीस तेव्हा त्यानं हा हिशेब केला.

दादाला तोंडावर विचारलं. चहा पीत म्हणाला, "तिला आताशा गार वारा सोसत नव्हता." हे बोलताना त्यानं हातातली बशीसुद्धा खाली ठेवली नाही.

पुन्हा पाहणी झाल्याशिवाय सही नाही, एवढंच मी सांगितलं. माळ्यावरून मोटर काढून बसवून घेतली, छताचं प्लास्टर करून घेतलं. व्हॅल्युअर परत आला. किंमत वाढली, पण फार नाही. त्या फरकाकडं बघून मला जास्तच किळस आली. एवढ्याशासाठी?

व्हॅल्युअरनं तुझ्या खोलीतलं बटण दाबलं तेव्हा तुझ्या रिकाम्या कॉटवर गार वारा आला. दादा पुढं झाला, त्या वाऱ्याखाली उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि म्हणाला, "मस्त गार येतंय की."

मी सही करीन, आई. घर त्याला लखलाभ. पण तुझ्या वर्षश्राद्धाला मी त्याच्या पंगतीला बसणार नाही. पाचोडला माझ्याच घरी तुझं पान वाढीन. भाऊ असताना इथं का, असं कुणी विचारलं, तर खरं ते सांगीन. तू आयुष्यभर त्याच्यावर पांघरूण घातलंस. मी घालणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
मंगल