भिंगरी चहाच्या खोलीत काय बोलली

आदरणीय विहीणबाई,

परवा शाळेच्या मुख्याध्यापिकांसमोर आपल्या नातीने तुमच्याविषयीची माझी मते जाहीर केली. तुमच्या चिरंजीवांकडून ती तिखटमीठ लावून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून साधी जावीत, म्हणून हे पत्र. एरवी लिहिले नसते. पत्र त्यांच्याच हाती देत आहे, तेव्हा आधी हे वाचा आणि मग त्यांना बोलू द्या. नमस्कार, गुडघा कसा आहे, सांगितलेले व्यायाम करता की नुसते 'करते' म्हणता, हे सगळे विचारले असे समजावे. इकडे सर्व ठीक. माझ्या पायाचे बोट तेवढे सुजले आहे, त्याचे कारण पुढे येईल.

भिंगरीला दोन भाषांच्या शाळेत घालायचे, म्हणजे घरची भाषा टिकेल आणि बाहेरचीही येईल, हे ठरले तेव्हा तुम्ही फोनवर होतातच. पहिल्या शाळेत कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा दोन्ही भाषांत नाव होते, पण आपल्या भाषेत शिकवता काय, असे विचारल्यावर तिथल्या बाई थोडा विचार करून म्हणाल्या, नावे. दुसऱ्या शाळेत आपली भाषा फक्त रखवालदाराला येत होती. (माणूस चांगला. मी त्याच्याशी बराच वेळ बोलले आणि तुमची सून गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिली.) तिसरी शाळा खरी. अर्धा दिवस एक भाषा, अर्धा दिवस दुसरी. पण जागा एकच उरलेली, आणि अट अशी की भेटीच्या वेळी मूल दोन्ही भाषांत बोलले पाहिजे.

तयारीचे तुमच्या चिरंजीवांनी मनावर घेतले. लिफ्ट बसवण्याचा धंदा, त्यामुळे त्यांना सगळे मजल्यामजल्याने लागते. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या आत आपली भाषा, पट्टीबाहेर बाहेरची. कल्पना त्यांची, पण अंमल माझा, कारण नियम केला की तो पाळायचा असतो. एक पाय इकडे नि एक तिकडे ठेवून फोनवर बोलायचे नसते. (कोण ते लिहीत नाही. तुम्ही वाढवले आहे, तुम्हाला कळेल.) बाहेरच्या खोलीत माझे बोट सोफ्यावर आपटले, तेव्हा कळवळायला मी लंगडत स्वयंपाकघरात गेले. भिंगरी तर इतकी तरबेज झाली की निम्मे वाक्य बोलून पट्टीवरून उडी मारी आणि उरलेले दुसऱ्या भाषेत सांगे. मला धन्य वाटत होते.

भेटीच्या दिवशी मुख्याध्यापिका (तरुण, पण टेबल आवरलेले, म्हणून मला बऱ्या वाटल्या) आधी बाहेरच्या भाषेत बोलल्या. भिंगरीने पटापट उत्तरे दिली. मग त्यांनी आपली भाषा सुरू केली आणि हिने तोंड मिटले. रंग विचारले, चित्रातले मांजर दाखवले, एक शब्द नाही. तुमच्या सुनेला घाम फुटला, चिरंजीव छत न्याहाळू लागले. बाईंनी पेनाला टोपण लावले. जागा गेली, हे आम्हाला कळून चुकले. तेवढ्यात भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि बाहेरच्याच भाषेत, अगदी अदबीने, तिने विचारले की तुमचे स्वयंपाकघर कुठे आहे.

स्वयंपाकघर नव्हते. चहाची खोली होती, दोघे उभे राहिले की भरणारी. तिथे आम्ही पाचही जण शिरलो, मुख्याध्यापिका बेसिनला टेकून, आणि आत पाऊल पडताच नळ सोडावा तशी भिंगरी सुटली. मांजर, रंग, बाबांचे घोरणे, आईने कपाटात लपवलेली चॉकलेटे. बाईंनी विचारले, तुला गोष्टी कोण सांगतं?

"ती आजी, फोनवर. ही आजी म्हणते, तिच्या गोष्टींना शेंडा ना बुडखा. कोल्हा कधी लिफ्टमध्ये चढतो का? आणि म्हणते, त्या बाईने पोरीला पार लाडावून ठेवलंय."

'त्या बाईने' हे शब्द माझेच, विहीणबाई. पण स्वयंपाकघरात उच्चारलेले, म्हणजे नियमाला धरून. मुख्याध्यापिका हसता हसता खाली बसल्या, आणि बसायला तिथे काही नव्हते. मग त्यांनी विचारले, कोल्हा कितव्या मजल्यावर उतरला? भिंगरीने सगळी गोष्ट सांगितली. मीही ती पहिल्यांदाच पुरी ऐकली. ती तर्काला सोडून आहे हे माझे मत कायम आहे. जागा मिळाली.

राग धरू नये.

आपली,
भिंगरीची इकडची आजी

ता. क. पट्टी काढली. आता भिंगरी घरभर दोन्ही भाषांत बोलते आणि कोणालाही बोलू देत नाही.

ता. क. दुसरा. त्या शाळेत घरच्या मोठ्या माणसाने आठवड्यातून एका दुपारी जाऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगायची असते. काल मी भिंगरीसमोर सराव केला. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारले, "आजी, ही बातमी आहे का?" मग विचारले, ती आजी कधी येणार. तेव्हा गुडघ्याची परवानगी काढून या, आणि मागच्या खेपेसारख्या चार दिवसांत तडकाफडकी निघू नका. खिडकीकडची खोली रिकामी केली आहे.

ता. क. शेवटचा. कोल्हा सातव्याच मजल्यावर का उतरला, ते मला एकटीला सांगावे.

चिरंजीवांच्या हाती दिले: तुमची इथे राहिलेली चष्म्याची डबी, शाल (धुऊन), आणि आमच्या घराची किल्ली एक. किल्ली परत घेतली जाणार नाही.