शून्य नंबरचा पाठवणारा

३ जून, आल्बनी, ऑस्ट्रेलिया
पोचले! खिडकीतून अख्खं बंदर दिसतं. ऑफिसात मी एकटीच. साहेब, म्हणजे डेस, पर्थहून फोनवर. माझं न्यूझीलंडी बोलणं ऐकून म्हणाला, "काय नायरी, मेंढ्या कोणाच्या जिवावर सोडून आलीस?" खूप हसले. समुद्राच्या तळाशी ठेवलेले माइक देवमाशांचे आवाज आमच्या संगणकाच्या साठ्यात पाठवतात. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर हेडर असतं, पाकिटावरच्या पत्त्यासारखं: कोणी पाठवलं त्याचा नंबर, केवढं आहे, कुठे ठेवायचं. माइकांसारखाच मलाही एक नंबर मिळालाय. ते हेडर नव्याने आखणं हे माझं काम.

७ जून
जुन्या हेडरमध्ये एक अट सापडली. पाठवणाऱ्याच्या जागी शून्य असेल, तर साठा तो संदेश न उघडताच फेकतो. शून्य म्हणजे कोणीच नाही. मग असे संदेश रोज येतात कुठून? डेसला फोनवर विचारलं. म्हणाला, "ते तेवढं तसंच राहू दे, बाई." कारण विचारलं तर विषय बदलला. आज रविवारभर डेस आणि तळलेले मासे विकणारी बाई यांच्याखेरीज कोणाशी बोलले नाही.

१२ जून
अट काढून टाकली. दुपारी पहिला संदेश उघडला. देवमासा नाही. कोणा बाईचा श्वास. मग अगदी हळू, "ऐकतेस ना, नायरी?"

१५ जून
ती रोज बोलते. बंदराबद्दल, याच खोलीबद्दल. घाबरायला हवं, कळतंय. पण डबा घेऊन मी तिच्यापाशीच बसते. इथे माझी वाट पाहणारी तीच एक. आज तिने विचारलं, तुझा नंबर मी घेऊ का? मी हसत हो म्हटलं.

१८ जून
ती बोलत नाही. मासेवालीने माझ्या आरपार बघून मागच्याला विचारलं, काय देऊ. डेसला फोन लावला. तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला. मी ओरडत होते.

१९ जून
माझ्या नंबरावरून काम चाललंय. मी करत नाहीये. माझे संदेश मात्र — पाठवणारा शून्य.

तारीख कळत नाही
पेन बोटांत राहत नाही. हे बोलून साठ्याकडेच पाठवतेय. माझ्या खुर्चीत कोणीतरी — माझ्याच आवाजात डेसशी बोलतेय. म्हणतेय, तुझंच बरोबर होतं, ती अट परत घालते. डेस शाबास म्हणतोय. डेस, ती मी नाही. घालू देऊ नकोस, मी अजून इथेच —