उतारावर ठेवलेला वजनकाटा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्त करणे (आता बंद), राहणार उताराच्या रस्त्यावरचे माथ्याचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी काल तपासून सांगितले. माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनच वेगळे आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. हृदय मात्र अधूनमधून ठोका चुकवते, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणून दिले त्याला असा इशारा कळतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचा कागद कुणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम एक. राहते घर, अंगणासह, माझ्या पश्चात पत्नीचे. तिच्या हयातीत कोणीही, विशेषतः मुलाने, "आई, आता तू आमच्याकडे चल" असा लकडा लावू नये. तिला जायचे असेल तेव्हा ती स्वतः पिशवी भरेल. तिच्यानंतर घर मुलाचे. अट एकच की समोरच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी बुजवू नये आणि तिच्यासमोर कपाट लावू नये.

त्या खिडकीतून उतार पहिल्या वळणापर्यंत दिसतो. दुपारी जेवून मी खुर्चीत पडतो, डोळे मिटतात न मिटतात तोच चाकांचा आवाज येतो. अगदी हलका, कुणी लांबवर जमिनीवरून चादर ओढत नेत असावे तसा. मग खिडकीसमोरून एकेक गाडी जाते. त्यातली पोरे आता चाळिशीला टेकली आहेत, कुणाला टक्कल पडले, कुणाची स्वतःची पोरे हायस्कुलात गेली. पण त्या गाड्यांमध्ये ती दहा-बारा वर्षांचीच असतात, मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून बसलेली. एकही वळून बघत नाही. मी हात हलवतो. जाग येते तेव्हा माझा हात खरोखरच वर असतो आणि पत्नी स्वयंपाकघरातून विचारते, "कोण गेलं?" मी नाव सांगतो. ती म्हणते, "बरं." तिने मला या बाबतीत कधी वेड्यात काढले नाही, याची नोंद इथे करून ठेवतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, उदाहरणार्थ हा कागद हाताळणारे कारकून, त्यांच्यासाठी सांगतो. उतारगाडीला इंजिन नसते. फळ्या, चार चाके, एक स्टिअरिंग, पायाशी एक ब्रेक आणि आत एक मूल, एवढाच मामला. माथ्यावरून सोडायची, खाली चौकापर्यंत जी आधी पोहोचेल ती जिंकली. वर्षातून एका रविवारी सकाळी हा रस्ता वाहनांना बंद होतो आणि आम्ही शर्यत मंडळातली रिकामटेकडी माणसे कामाला लागतो. पत्नी खाली स्टॉपवॉच धरते. डॉक्टर पट्ट्या आणि मलम घेऊन वळणावर बसतात. शिंपी माइकवरून बोलतो. मी माथ्यावर प्रत्येक गाडी मुलासकट तोलतो, कारण जड गाडी उतारावर जास्त वेग धरते आणि म्हणून सगळ्यांना वजनाची एकच मर्यादा असते. सव्वीस वर्षे हे काम मी केले. माझ्या आयुष्यात याहून चांगले काही घडलेले नाही. मुलाचा जन्म धरूनही, असे लिहिणार होतो, पण तो वाचेल.

कलम दोन. बँकेतल्या ठेवी पत्नीच्या. त्यातून तिने दर वर्षी दोन नवी हेल्मेटे घ्यावीत. जुनी हेल्मेटे "अजून चालतात" असे मंडळात कोणी म्हणेलच. त्याच्या डोक्यात ते घालून त्याला वळणावर सोडावे.

कलम तीन. माझी हत्यारे, पितळी वजनांच्या पेटीसह, मंडळाला द्यावीत. मुलाला देत नाही, याचा त्याने राग मानू नये. तो हुशार आहे, मोठ्या ऑफिसात आहे, पण पान्हा कोणत्या टोकाने धरायचा हे त्याला आजही विचारावे लागते.

कलम चार, जुने हिशेब. शिंप्याशी माझे भांडण अठरा वर्षांचे आहे. तो माइकवरून पोरांची थट्टा करतो, आणि पोरे हसत असली तरी त्यांच्या आयांना ते लागते. एकदा त्याने एका गाडीला पलंग म्हटले. तो पलंग दुसरा आला. माझ्या मागे माइक त्याच्याकडेच राहू द्यावा, कारण त्याच्याशिवाय सकाळ सुनी वाटेल, पण वायर आखूड करावी. तो माझा सर्वांत जवळचा मित्र आहे हे त्याला सांगण्याची गरज नाही.

दुसरा हिशेब पाइपच्या ठेकेदाराशी. त्याने एकवीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या आठवड्यातच वाचनालयासमोरची सपाट जागा, जिथे दर वर्षी माझा काटा मांडतो ती, खणून ठेवली. त्याला मी पुष्कळ शिव्या दिल्या. पण त्यानंतर जे झाले त्यात त्याचा दोष नव्हता, म्हणून त्या परत घेतो.

कलम पाच. अंगणातली शेड, तिच्यातला मोठा वजनकाटा, आणि आतल्या फळीवरची त्या वर्षीच्या विजेत्याची ढाल, ही तिन्ही मी गवंड्याच्या मुलीला देतो. तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती आता चौतीस वर्षांची आहे आणि बस चालवते. का देतो ते लिहिणे भाग आहे.

त्या वर्षी वाचनालयासमोर खड्डा असल्यामुळे मी काटा दहा पावले खाली मांडला, जिथून उतार सुरू होतो. मोठ्या काट्याच्या अंगात एक काचेची नळी असते आणि तिच्यातल्या पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला तर काटा सपाट. नाहीतर तो वजन कमी दाखवतो. मी हयातभर गिऱ्हाइकांना बजावत आलो की आधी बुडबुडा बघा, मग वजन. त्या सकाळी मी बुडबुडा बघितला नाही. पहिली गाडी माझ्या मुलाची होती आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

काट्याने त्याचे वजन मर्यादेपेक्षा कमी दाखवले. मला आनंदच झाला. मी स्वतःच्या हाताने त्याच्या सीटखाली लोखंडाची पट्टी घट्ट बसवली. तिसरी गाडी उतरवताना नळीकडे लक्ष गेले. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला होता. मी निमूटपणे काट्याखाली पाचर मारली, काटा सपाट केला आणि पुढची गाडी बोलावली. ती भिंगरीची.

तिची गाडी सव्वा किलो जास्त भरली. ती तेरा वर्षांची होती. म्हणाली, "काका, काल चक्कीवर वजन केलं तेव्हा तर बरोबर होतं." मी म्हणालो, "चक्कीचा काटा वेगळा, हा काटा वेगळा. पट्टी काढ." तिने वाकून पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. आधीच्या तीन गाड्या, मुलाची धरून, खऱ्या वजनापेक्षा हलक्या ठरून सुटल्या होत्या; त्या परत बोलावून तोलायला दहा मिनिटे लागली असती. मी त्या बोलावल्या नाहीत. काट्याची चूक दहा मिनिटांची होती. पुढची सगळी माझी.

शेवटच्या फेरीत ती दोघेच होती. माझा मुलगा एक वीत पुढे राहून जिंकला. खाली भिंगरी गाडीतून उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वळणावर मी घाबरले. ब्रेकवर पाय पडला." तिने पुन्हा शर्यत केली नाही. पण मोठी झाल्यावर ती मंडळात आली आणि गेली चौदा वर्षे माथ्यावर, माझ्या काट्याशेजारी, पोरांना गाडीत बसवते. प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा लावताना तिचे एकच सांगणे असते, "घाबरू नकोस हं. मी घाबरले आणि हरले." मी हे दर वर्षी, प्रत्येक पोरागणिक ऐकले आहे. मला त्याची लाज वाटते.

ढालीबद्दल मुलाला फोन केला होता. मोठ्या तयारीने केला. तो म्हणाला, "द्या की बाबा. कुठली ढाल?" ज्या गोष्टीसाठी मी एकवीस वर्षे गप्प बसलो, ती त्याला आठवतही नव्हती. फोन ठेवल्यावर मी खिडकीत जाऊन बसलो. त्या दिवशी एकही गाडी गेली नाही.

भिंगरीला हे सर्व माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी वाचून दाखवावे.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. ते कोरडे गृहस्थ आहेत आणि मला त्यांचा तोच गुण हवा आहे.

पुरवणी, त्याच आठवड्यातल्या रविवारची.

वरचा मजकूर सहीपूर्वी पत्नीला वाचायला दिला. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार?"

"हो."

"मग तिनं भांडायचं कुणाशी? फोटोशी?"

 तिने बस डेपोत फोन लावून भिंगरीला बोलावले. ही माहिती पत्नीला नवीन नव्हती, असे मला तिच्या चेहऱ्यावरून वाटले. पण मी विचारले नाही, एवढे धैर्य माझ्यात नाही.

आज सकाळी वकील आणि शिंपी येऊन बसले होते, डॉक्टर यायचे होते. भिंगरी ड्यूटी संपवून खाकी शर्टातच आली. मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, पाचव्या कलमावर थांबली, पुन्हा वरून वाचला. शिंप्याचे तोंड बंद होते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

"काका, तुम्ही माझ्या शेजारीच असायचात," ती म्हणाली. "मी पोरांना सांगायचे तेव्हा. ऐकू यायचं ना?"

"यायचं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मागच्या खेपेला ती लहानगी ब्रेक लावला म्हणून रडत होती. मी तिला काय म्हटलं माहितीये? म्हटलं, आता जन्मभर लक्षात राहील तुझ्या." तिचा आवाज चढला. "जन्मभर! दहा वर्षांच्या पोरीला!"

ती खूप रागावली होती. तिने मला जे जे ऐकवले ते सगळे इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. पत्नीने पाणी आणले, ते तिने घेतले नाही. मग एकदम खाली बसून तिने विचारले, "म्हणजे मी घाबरलेच नव्हते?"

हो म्हणणे सोपे होते. तिला तेच ऐकायचे असावे असे मला वाटले. पण काट्याबाबत मी पुन्हा एकदा खोटे बोलणार नव्हतो.

"घाबरली होतीस," मी म्हणालो. "तुझ्या ब्रेकचं रबर मी नंतर बघितलं, घासलं होतं. पण घाबरूनसुद्धा तू एक वीत मागे होतीस फक्त. वजन सारखं असतं तर तू पुढे असतीस. ब्रेक लावून."

ती खिडकीकडे वळली. वकिलांना कुठे थांबावे ते कळत नाही. ते म्हणाले, "तर बाई, शेड आणि काटा तुमच्या नावे होतो आहे. ढालसुद्धा."

"मला नको," ती म्हणाली. "साक्षीदार कोण आहेत?"

"हे शिंपी आणि डॉक्टर."

"डॉक्टरांच्या जागी मी."

वकिलांनी समजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली तर ते मिळणे रद्द होते. सही केलीत तर शेड गेली, काटा गेला, ढाल गेली.

"जाऊ दे. शेड घेतली तर लोक म्हणतील, काकांनी भरपाई दिली. मला भरपाई नको. हे कागदावर राहू दे, आणि खाली माझी सही, म्हणजे हे मी तुमच्या समोर वाचलंय हे सगळ्यांना कळेल."

सबब कलम पाचमधील दान रद्द. शेड आणि काटा मंडळाचा. ढाल मोडीत काढावी. हकीकत मात्र खोडायची नाही. खाडाखोड जिथे आहे तिथे माझी सही आहे. तिने मला माफ केले का, हे मी विचारले नाही आणि ती बोलली नाही. जाण्याआधी तिने एवढेच सांगितले की येत्या शर्यतीत काटा ती लावणार, मी खुर्चीत बसायचे, आणि मंडळात आल्यापासून ज्या ज्या पोराला तिने ते वाक्य ऐकवले त्या प्रत्येकाच्या घरी ती जाऊन येणार आहे. पोरे बरीच आहेत. तिच्या सुट्टीच्या दिवसांत ते जमेल, असा तिचा हिशेब आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: समोरची खोली, खिडकीजवळ.
तारीख: शर्यतीआधीचा चौथा रविवार, दुपारी बारा.

लिहून ठेवणार: (सही) वजनकाटेवाला

साक्षीदार पहिला: (सही) शिंपी. सही माझ्यासमोर झाली. कलम चारमधला माझ्याविषयीचा मजकूर मला मान्य नाही. शेवटचे वाक्य सोडून.

साक्षीदार दुसरी: (सही) गवंड्याची मुलगी, बसचालक. सगळं वाचून सही केली. मी घाबरले होते, हे खरं आहे. हरले नव्हते.