थोरलीची वाफ आणि उस्तादांची दाढ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली एकदा वाकलो की सरळ व्हायला वेळ लागतो, तेव्हा हा नमस्कार नेहमीपेक्षा लांबलेला आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी बजावल्यावर तू जिन्याच्या पायऱ्या पुसायला काढल्यास असं ऐकलं. पुसण्यासाठीसुद्धा चढावंच लागतं, हे त्यांनी वेगळं सांगायला हवं होतं. भाऊजींनाही नमस्कार सांग.

पत्रास कारण की, परवा तू हिला फोन करून माझ्या डोक्यावर काही परिणाम झालाय का अशी चौकशी केलीस म्हणे. मी सकाळी स्वच्छ कपड्यांत बाहेर पडतो आणि संध्याकाळी कोळशाच्या गोणीतून काढल्यासारखा परत येतो, ही बातमी खरी आहे. पण डोक्यावर परिणाम वगैरे काही नाही. काजळी आहे, ती दोन पाण्यांत निघते. (टॉवेलची निघत नाही. त्यावरून घरात जे झालं ते हिने तुला सांगितलंच असेल.)

दवाखाना बंद केल्यानंतरचे पहिले दोन महिने सुखाचे गेले. तिसऱ्या महिन्यात मी घर सुधारायला घेतलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे हिला दोन दिवस मीठ सापडलं नाही. जेवताना समोरचा माणूस कुठल्या बाजूने चावतो आणि का, यावर शेरे मारायला लागलो. तेव्हा एका सकाळी हिने चहाच्या कपाखाली वर्तमानपत्राचं एक कात्रण सरकवलं. छोट्या रेल्वेच्या संग्रहालयासाठी स्वयंसेवक हवेत, अनुभवाची अट नाही. मी म्हटलं, विचार करतो. ही म्हणाली, विचार मी केलाय, तुम्ही फक्त जा.

हे संग्रहालय म्हणजे गावाबाहेरचं एक जुनं इंजिनघर. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे मी रुळांवर आडवा झोपलो तर दोन्हीकडे थोडाथोडा उरेन. दीड मैलाचा मार्ग, टोकाला एक हौद आणि एक बाक. गाडी तिथवर जाते, लोक उतरून हौद बघतात आणि परत येतात. इंजिनं दोन. चालतं त्याला ‘थोरली’ म्हणतात. दुसरी ‘धाकटी’, ती चौदा वर्षं सुटी करून खोक्यांत ठेवलेली आहे आणि प्रत्येक स्वयंसेवक तिला जोडायची प्रतिज्ञा करून शेवटी चहाला जातो. खिडकीवर तिकिटं फाडायला भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे तिकीटबाई म्हणतात. आणि या सगळ्यावर राज्य उस्तादांचं. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं फिटर, बोलणं मोजकं. थोरली पेटवणं, चालवणं आणि तिची समजूत काढणं एवढी तिन्ही कामं जगात फक्त त्यांना येतात.

पहिल्या दिवशी उस्तादांनी विचारलं, आधी काय करत होतात? मी म्हटलं, डॉक्टर. कसले? दातांचे. त्याबरोबर त्यांनी ओठ मिटले आणि दोन पावलं मागे सरकले. तेव्हापासून माझ्याशी बोलताना तोंडावर हात. आता ताई, बत्तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघण्यात घालवली, मला काय कळत नाही? माणूस डावीकडे अजिबात चावत नाही, चहा कोमट करून पितो, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहत नाही. खालची डावी दाढ, शेवटून दुसरी. पण न विचारता निदान सांगायचं नाही अशी मी घरातल्या अनुभवावरून शपथ घेतली होती.

उस्तादांनी मला कामं दिली ती अशी: राख उपसणे, पितळ घासणे, भट्टीच्या आत शिरून काजळी खरवडणे. (पितळेच्या बारीक तोट्या साफ करायला मी माझी जुनी हत्यारं आणली. बॉयलरच्या पाण्याचा चुना आणि दातांवरचं किटण ही सख्खी भावंडं आहेत. चिमटे खिळे उपटायला उपयोगी पडले.) भट्टीचं तोंड किती आहे याचा अंदाज मी डोक्यावरून घेतला, पोटावरून घ्यायला हवा होता. अर्धा आत गेलो आणि अडकलो. तेवढ्यात तिकीटबाई पाहुण्यांचा एक घोळका घेऊन आल्या. हे इंजिन, हे कोळशाचं खोकं आणि, माझ्या पायांकडे बोट करून, हे आमचे दंतवैद्य. एका बाईंनी माझ्या बुटाला हात लावून खरं आहे का ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात मला गार्ड केलं. हिरवी झेंडी म्हणजे चला, लाल म्हणजे थांबा, याहून सोपं काम संग्रहालयात नव्हतं. पण फाटकापाशी माझा एक जुना पेशंट दिसला, मी आनंदाने हात हलवला, आणि त्या हातात नेमकी लाल होती. उस्तादांनी गचकन ब्रेक लावला. डब्यातले अठरा प्रवासी एकमेकांच्या मांडीवर. मला पुन्हा राखेवर नेमण्यात आलं.

आता मुख्य गोष्ट. वर्षातून एकदा बॉयलर तपासायला इन्स्पेक्टर येतात. या वेळी विश्वस्तांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की थोरली नापास झाली तर तिचं पाणी कायमचं काढायचं, रंग द्यायचा आणि फाटकाशी शोभेला ठेवायची. गुरुवारी दहाची वेळ ठरली. पहाटे पाचला मी पोचलो तर उस्ताद रुळाच्या कडेला बसलेले, डोक्याभोवती आणि हनुवटीखालून मफलर बांधलेला, डावा गाल भाकरीएवढा. दोन दिवस झोप नाही, तोंड उघडत नाही. तरी त्यांनी भट्टी पेटवली आणि मला कोळसा टाकायला उभं केलं. हुकूम खुणांनी. त्यांनी मूठ फिरवली की मी झडप उघडावी, त्यांनी कपाळावर हात मारला की बंद करावी, असं आमचं साडेआठपर्यंत चाललं. मग ते खालीच बसले. वाफेचा काटा अर्ध्यावर.

तिकीटबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुम्ही दातांचे ना?’’

मी म्हटलं, ‘‘होतो.’’

ताई, दवाखाना का बंद केला म्हणून तू विचारलंस तेव्हा मी कंटाळा आला असं सांगितलं होतं. कंटाळा कसला? माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग आरशात हत्याराचं टोक दिसेनासं होण्याइतका. एका सकाळी पेशंटला खुर्चीत बसवलं, हात पाहिला आणि त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवून कुलूप लावलं. हिला तेवढं माहीत आहे. मी ते कोणाला बोललो नाही, कारण बोललो असतो तर लोकांनी माझ्या हाताकडे बघितलं असतं, आणि मला तेच नको होतं.

म्हणून मी उस्तादांना म्हटलं की मी करत नाही हल्ली, मी तुम्हाला गाडीत घालून माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेतो. त्यांनी मफलर सोडला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलले. शब्द पिळून काढावे तसे.

‘‘तुम्ही माझी दाढ पहिल्या दिवशी पाहिलीत. मी तुमचा हात पाहिला. उगाच का तुम्हाला राखेवर ठेवलं?’’

इतके दिवस मला वाटत होतं की हा माणूस दंतवैद्याला घाबरून मला लांब ठेवतोय. तो मला असं काम शोधून देत होता ज्यात हात हलला तरी कोणाचं बिघडत नाही.

‘‘मग काढू कशी?’’ मी विचारलं.

‘‘आवळून धरून,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘दहाच्या आत.’’

मग काय. निर्जंतुक करायला वाफेची इतकी चैन मला जन्मात मिळाली नव्हती. चिमटा आधी घासला, मग थोरलीच्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवला. उस्तादांना कोळशाच्या खोक्यावर बसवलं. टॉर्च तिकीटबाईंकडे; त्यांनी तो घट्ट धरला आणि डोळेही घट्ट मिटले, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मी उस्तादांच्या कानाची तपासणी केली. कोपर त्यांच्या खांद्यावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि ओढलं. आली. उस्तादांनी हूं की चूं केलं नाही. मीच ओरडलो असं तिकीटबाई सांगतात.

कापसाचा बोळा दाबल्यावर उस्तादांचं पहिलं वाक्य आभाराचं नव्हतं. ‘‘पाण्याची काच कोण बघतंय?’’

ती मी बघायची होती. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या त्या काचेच्या नळीत तळाशी बोटभर उरलं होतं. ते संपलं असतं तर संग्रहालय छपरासकट शेजारच्या गावात उतरलं असतं. उस्ताद उडी मारून वर चढले, पाणी आत ढकलणारं चाक फिरवलं. एकदा फुसकं, दोनदा फुसकं, तिसऱ्यांदा घेतलं. काचेत पाणी चढताना बघून मी इंजिनाला टेकून उभा राहिलो आणि पोळलो.

इन्स्पेक्टर दहाला पाच कमी असताना आले. समोर उस्ताद, तोंडात बोळा आणि शर्टावर रक्त. शेजारी मी, हातात चिमटा. आणि डोळे मिटून टॉर्च धरलेल्या तिकीटबाई, त्यांना संपलं म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. इन्स्पेक्टरांनी काही विचारलं नाही. काटा पाहिला, हातोडीने ठोकून पाहिलं, कागदावर सही केली. थोरली एक वर्षासाठी पास. जाताना त्यांनी तिकीटबाईंना हळूच विचारलं, इथे चूक झाली की अशी शिक्षा करतात का?

सोमवारी उस्तादांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं आणि ताडपत्री ओढली. आत एक डबा, पूर्वी हा मार्ग लांबवर जायचा तेव्हा फिरता दवाखाना म्हणून धावायचा. म्हणाले, हा तुमचा. मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत पुसत संध्याकाळ केली. हात हलत होता, पण पुसायला उलट मदतच होते.

असो. तू गुडघ्याला जप. माझी काळजी नसावी.

तुझा आज्ञाधारक (आज्ञा तुझ्या नाही, हिच्या) धाकटा भाऊ

ता. क. ती दाढ इतकी हलत होती की दोऱ्याने तूही काढली असतीस. हे उस्तादांना माहीत नाही, आणि तू सांगायला जाणार नाहीस.

ता. क. दुसरा. डब्याच्या फरशीत बोल्टची चार भोकं सापडली. तिकीटबाई म्हणतात तिथे टाकी असावी. माप घेताच मी ओळखलं, तिथे दातांच्या डॉक्टरची खुर्ची होती, पायाने वर-खाली करायची जुनी. तशीच माझी पहिली खुर्ची तुझ्या व्हरांड्यात पडून आहे. हे पत्र खरं म्हणजे तिच्यासाठी आहे. शनिवारी सकाळी अकराला टेंपो येईल.

ता. क. तिसरा. भाऊजी दुपारचे त्याच खुर्चीत झोपतात आणि ती सोडणार नाही म्हणाले आहेत, हे मला ठाऊक आहे. वाद घालू नकोस. अकराच्या आधी पोटभर जेवायला घाल आणि झोप लागली की तसेच खुर्चीसकट पाठव. डब्यात पेशंट म्हणून बसवायला एक माणूस हवाच आहे, आणि तोंड उघडं ठेवायची त्यांना सवय आहे.